मुलांची ट्रायथलॉन : एक ओळख

'ट्रायथलॉन' हा शब्द आपल्याकडे आता पूर्वीइतका अपरिचित राहिलेला नाही. २०१९ साली गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर 'आयर्नमॅन ७०.३' ही स्पर्धा प्रथम भरली, आणि तेव्हापासून बेळगावात पहाटे फिरायला जाणाऱ्या मंडळींच्या तोंडीही तो बसला आहे. समुद्रात १.९ किलोमीटर पोहणे, लगेच ९० किलोमीटर सायकल आणि त्यानंतर २१.१ किलोमीटर धावणे, हे आकडे ऐकले की सामान्य माणूस दुरूनच हात जोडतो. त्यामुळे एखाद्या घरी "आमची धाकटी ट्रायथलॉनमध्ये उतरणार आहे" अशी वार्ता पोहोचली, की आजी-आजोबांच्या पोटात गोळा उठतो. धाकटी असते नऊ वर्षांची! हा गोळा थोडा हलका करावा, आणि खरी काळजी जिथे करायला हवी तिथे ती अवश्य करायला लावावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम थोडा इतिहास. हा खेळ तसा तरुणच. २५ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेतील सॅन दिएगो शहरात, मिशन बे येथे, जॅक जॉन्स्टन आणि डॉन शॅनहन या दोघांनी तिथल्या धावपटूंच्या क्लबातर्फे पहिली ट्रायथलॉन भरविली. ४६ जण उतरले. त्यांत जॉन कॉलिन्स नावाचे एक नौदल अधिकारी सहकुटुंब होते. पत्नी तर होतीच, पण दोन्ही मुलेही होती. म्हणजे या खेळाच्या बारशालाच मुले हजर होती असे म्हटल्यास वावगे ठरू नये. पुढे याच कॉलिन्स दांपत्याच्या कल्पनेतून १९७८ साली हवाईतील ओआहू बेटावर पहिली 'आयर्नमॅन' झाली. तिथे १५ जणांनी सुरुवात केली आणि १२ जणांनी ती पुरी केली. २००० साली सिडनी येथे ट्रायथलॉन ऑलिंपिकमध्ये दाखल झाली. तिथले अंतर १.५ किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणे असे असते.

मिशन बेच्या त्या स्पर्धेत धावणे आधी होते आणि पोहणे शेवटाकडे होते. ती संध्याकाळी सुरू झालेली. शेवटचे स्पर्धक पाण्यात असतानाच अंधार पडला आणि त्यांना किनारा दिसावा म्हणून मोटारींचे दिवे लावावे लागले. आज जगभर पोहणे आधी, मग सायकल, मग धावणे हा क्रम कायम झाला आहे, आणि त्यामागचे कारण अगदी व्यवहारी आहे. थकलेला माणूस रस्त्यावर बसू शकतो, सायकलवरून उतरू शकतो. पाण्यात मात्र त्याला बसायला जागा नाही. ज्या ठिकाणी थकवा जिवावर बेतू शकतो ते काम ताज्या अंगाने उरकून घ्यायचे. लहान मुलांच्या बाबतीत तर हा विचार पहिला आणि शेवटचा मानला पाहिजे.

आता अंतरांकडे वळू. मुलांसाठी सर्वत्र एकच अंतर नाही. देशागणिक, आयोजकागणिक ते बदलते. अमेरिकेत रूढ असलेले प्रमाण सांगायचे तर सात ते दहा वर्षांच्या मुलांना १०० मीटर पोहणे, ५ किलोमीटर सायकल आणि १ किलोमीटर धावणे, आणि अकरा वर्षांपासून पुढे याच्या दुप्पट. वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी या नात्याने मी हिशेब मांडून पाहिला. गोव्याच्या त्या स्पर्धेच्या तुलनेत धाकट्या गटाचे अंतर प्रत्येक बाबतीत सुमारे पाच टक्के भरते. पंचवीस मीटरच्या तलावात चार फेऱ्या, पाच किलोमीटर सायकल, आणि शाळेच्या मैदानाला काही चकरा, असा तो सारा ऐवज. रोज शाळेला सायकलवरून जाणाऱ्या मुलाला यातील दोन भाग नवे नाहीतच.

वयाच्या बाबतीत मात्र एक मेख आहे. ट्रायथलॉनमध्ये खेळाडूचे वय स्पर्धेच्या दिवशीचे न धरता त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरचे धरण्याची पद्धत आहे. म्हणजे ज्या मुलीला नोव्हेंबरमध्ये अकरावे वर्ष पूर्ण होणार, ती जानेवारीतल्या स्पर्धेतही अकराचीच गणली जाते आणि दुप्पट अंतराच्या गटात जाऊन पडते. आपल्याकडील सर्वच आयोजक ही पद्धत पाळतात असे नाही. म्हणून प्रवेशपत्रिका भरण्यापूर्वी माहितीपत्रक बारकाईने वाचावे. जन्मदाखल्याची प्रत तर बहुतेक ठिकाणी मागतातच.

खर्चाविषयी बरेच गैरसमज आहेत. हा श्रीमंतांचा खेळ, लाखभर रुपयांची सायकल हवी, असे पुष्कळांना वाटते. मोठ्यांच्या बाबतीत त्यात थोडेफार तथ्य असेलही. मुलांच्या बाबतीत ते खरे नाही. ज्या सायकलवर मुलाचे पाय नीट टेकतात, जिचे दोन्ही ब्रेक पक्के लागतात आणि जिच्या चाकांत हवा आहे, ती सायकल चालते. एकच गोष्ट दुकानातून नवी आणि चांगल्या प्रतीची घ्यावी, ती म्हणजे हेल्मेट. थोरल्या भावाचे, दोनदा आपटलेले हेल्मेट धाकट्याच्या डोक्यावर चढवणे ही काटकसर नव्हे. शिवाय पोहण्याचा चष्मा, टोपी आणि अंगाबरोबर बसणारे कपडे. पोहताना घातलेल्या कपड्यांतच पुढचे सारे उरकता आले तर उत्तम, कारण ओल्या अंगावर बनियन किंवा टी-शर्ट चढवून पाहा, तो खांद्यापाशी गुंडाळी होऊन अडकतो. जाता जाता एक सांगते. बारा-तेरा वर्षांच्या पुष्कळ मुली पोहण्याच्या पोशाखापायीच तलाव सोडतात. गुडघ्यापर्यंतचा, बाह्यांचा पोशाख आता सर्रास मिळतो आणि स्पर्धेत चालतोही. तेवढ्यासाठी कोणा मुलीचे पोहणे सुटू नये असे वाटते.

तेव्हा अंतर नाही, पैसाही नाही. मग अडते कुठे? अडते ते पाण्यात. सायकल आणि धावणे यांची तयारी काही आठवड्यांत होते. पोहायला मात्र महिने लागतात, आणि 'थोडेफार येते' या उत्तरावर प्रवेशपत्रिका भरून मोकळे होणे धोक्याचे आहे. मोठ्यांच्या ट्रायथलॉनमध्ये आजवर जे मृत्यू ओढवले त्यांपैकी बहुसंख्य पोहण्याच्या टप्प्यातच ओढवले आहेत. मुलांच्या स्पर्धा बहुधा उथळ तलावात, कडक देखरेखीखाली होतात हे खरे. पण पाणी ते पाणीच.

आमच्या तालुक्यात अजूनही काही गावांतून उन्हाळ्यात मुलांना विहिरीवर पोहायला शिकवतात. पाठीला पत्र्याचा रिकामा डबा किंवा वाळलेला भोपळा बांधायचा, काठावरून काका नाही तर मामा ढकलून देणार, आणि चार दिवसांनी डबा सुटणार. या शिक्षणाला शास्त्र नाही, हात-पाय कसे मारावेत याला काही शिस्त नाही. पण त्या मुलाच्या पायाखाली पहिल्या दिवसापासून तळ नसतो. शहरातले मूल छातीइतक्या पाण्यात शिकते. दमले की उभे राहते. त्याचा हात सुंदर पडतो, श्वास बरोबर घेतला जातो, पण तळ नसलेल्या पाण्यात त्याला नेले की पंधराव्या मीटरला त्याचे पाय खाली चाचपू लागतात. माझ्या मते स्पर्धेत उतरवण्यापूर्वी मुलाची परीक्षा घ्यावी ती अशी : स्पर्धेच्या दुप्पट अंतर, खोल पाण्यात, न थांबता जावे, आणि मध्येच सांगितले असता उताणे होऊन दोन-तीन मिनिटे शांतपणे तरंगावे. यातील दुसरे जमत नसेल तर पहिल्याचा वेग कितीही असो, ते वर्ष जाऊ द्यावे. स्पर्धा पुढच्या वर्षीही भरते.

दुसरी अडचण गर्दीची. शिकवणीत मूल एका पट्टीत एकटे असते. स्पर्धेत दहा-वीस मुले एकदम निघतात. कोणाची लाथ तोंडावर बसते, कोणाच्या हाताने चष्मा निसटतो, नाकात पाणी जाते. हे ठाऊक नसलेले मूल घाबरते. म्हणून आधी चार-पाच मुलांना मुद्दाम एकाच पट्टीत सोडून सराव करून घ्यावा. त्यांना त्यात मजाच वाटते. मुलाला हेही समजावून सांगावे, की कोणताही हात मारलेला चालतो. दमल्यास बेडूक-पोहणी करावी, उताणे व्हावे, तलावाचा कठडा धरावा. उघड्या पाण्यात रक्षकाच्या होडीला धरून विसावा घेण्यासही बंदी नाही; फक्त तिच्या आधाराने पुढे सरकायचे नाही. थांबल्याने बाद होतो अशी समजूत असल्यामुळे मुले थांबत नाहीत, आणि तिथेच बिघडते.

पालकांनी आयोजकांना काही प्रश्न निःसंकोचपणे विचारावेत. पाण्याची खोली किती? जीवरक्षक किती आणि ते कुठे उभे राहणार? पाण्यात गेलेली आणि पाण्याबाहेर आलेली मुले मोजणार कोण? यांपैकी शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बँकेत रोख शिल्लक मोजल्याशिवाय दिवस बंद करत नाहीत; इथे तर मुले आहेत. बुडणारे मूल चित्रपटातल्यासारखे हात हलवून ओरडत नाही. त्याचे तोंड पाण्याच्या पातळीशी असते, श्वास पुरत नाही, आवाज निघत नाही. ते गुपचूप खाली जाते. म्हणून काठावरच्या शंभर प्रेक्षकांपेक्षा, हातात यादी घेऊन रंगीत टोप्या मोजणारा एक माणूस मोलाचा. सायकलच्या भागाविषयी विचारायचा प्रश्न एकच : रस्ता वाहनांना बंद असणार की नाही? 'वाहतूक नियंत्रित असेल' असे मोघम उत्तर मिळाले तर मी तरी माझ्या धाकट्या बहिणीला पाठवणार नाही.

आता प्रत्यक्ष दिवस. बोलावलेल्या वेळेच्या तासभर आधी पोहोचावे. दंडावर आणि पोटरीवर जाड पेनाने क्रमांक लिहितात. मुलांना हा प्रकार फार आवडतो आणि पुढचे दोन दिवस ती तो धुऊ देत नाहीत. घोट्याला एक पट्टा बांधतात, त्यात वेळ नोंदणारी चकती असते. मग सायकलची तपासणी. ब्रेक तर पाहतातच, शिवाय हँडलच्या दोन्ही टोकांना बुचे आहेत का तेही पाहतात, कारण पडल्यावर पोकळ नळीचे उघडे टोक पोटात घुसून इजा झाल्याची उदाहरणे आहेत. आपल्याकडच्या मुलांच्या निम्म्या सायकलींची ही रबरी बुचे केव्हाच हरवलेली असतात. आदल्या दिवशीच पाहून ठेवावे. खाण्याचे म्हणाल तर दोन-अडीच तास आधी नेहमीचेच काहीतरी हलके. त्या दिवशी नवीन खाद्य किंवा नवीन पेय यांचा प्रयोग नको.

ट्रायथलॉनचा निकाल पाहिला तर त्यात तीन नव्हे, पाच रकाने असतात. पोहणे, सायकल आणि धावणे यांच्या मधल्या दोन बदलांची वेळही त्यात धरलेली असते. घड्याळ एकदा सुरू झाले की शेवटच्या रेषेपर्यंत थांबत नाही. या बदलाच्या आवाराला 'ट्रान्झिशन' म्हणतात. दांड्यांना ओळीने सायकली टांगलेल्या, प्रत्येकीखाली टॉवेल, त्यावर हेल्मेट आणि बूट. रोजकीर्दीत तीनच नोंदी करून उरलेल्या दोन विसरणाऱ्या कारकुनासारखी नवख्यांची स्थिती होते : तीन खेळांचा सराव केलेला असतो, या दोन बदलांचा कोणी केलेला नसतो. मुलांच्या छोट्या अंतरात तर इथले एक मिनिट म्हणजे पोहण्यातली अख्खी मेहनत.

मी स्वतः अशा एका स्पर्धेत स्वयंसेविका म्हणून ट्रान्झिशनच्या दोरीपाशी उभी होते. पहाटेची थंडी होती. आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा पाण्यातून तिसरा आला, धावत येऊन आपली सायकलही अचूक ओळखली, हेल्मेट डोक्यावर ठेवले. आणि त्याला हनुवटीखालचा चाप लागेना. बोटे ओली आणि गारठलेली. दोरीबाहेर त्याचे वडील. "अरे, लाव ना लवकर! डावीकडून! डावीकडून!" आत येण्याची त्यांना परवानगी नव्हती, पालकांना तिथे सक्त मज्जाव असतो. चापाशिवाय सायकलला हात लावण्याची मुलाला परवानगी नव्हती. हाही या खेळाचा कडक नियम, सायकल दांडीवरून काढण्यापूर्वी चाप लागलेला हवा आणि ती परत टांगेपर्यंत तो उघडायचा नाही. वडील ओरडले की मुलगा चाप सोडून त्यांच्याकडे पाही. एकामागून एक मुले सायकली काढून गेली. शेवटी शेजारच्या रांगेतल्या पंचांनी वडिलांना शांतपणे चार पावले मागे नेले. मुलाने टॉवेलला हात पुसले, आणि 'टक्' असा आवाज झाला. एवढ्यात दीड-दोन मिनिटे गेली असतील. तो रडला नाही, मात्र निघताना वडिलांच्या बाजूला त्याने पाहिलेही नाही.

याला उपाय घरच्या अंगणातच आहे. बादलीभर पाणी अंगावर ओतून मुलाला पळवत आणावे आणि ओल्या हातांनी चाप लावायला, बूट घालायला लावावे. आठ-दहा वेळा झाले की बसते. बुटांच्या नाड्यांऐवजी रबरी नाडी ओवली तर गाठ मारण्याचा प्रश्नच उरत नाही. बुटात थोडी पावडर टाकून ठेवली तर ओला पाय सरकन आत जातो. टॉवेल लाल किंवा पिवळा, लांबून ओळखू येईल असा घ्यावा. सकाळी मोकळ्या आवारात मुलाला हात धरून एकदा चालवून आणावे : पाण्यातून इथून येशील, चौथी रांग, झाडासमोर, सायकल घेऊन त्या रेषेपर्यंत चालत जायचे, रेष ओलांडल्यावरच बसायचे, परत येताना रेषेच्या अलीकडे उतरायचे. पोहताना आडवे असलेले शरीर एकदम उभे झाले की क्षणभर गरगरते, आणि त्या गरगरत्या डोक्याने शंभर सायकलींतून आपली शोधायची असते. वाट पाठ असली पाहिजे.

सायकलीबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. डावीकडून चालवावे, उजवीकडून पुढे जावे, पुढच्याच्या चाकाला चाक भिडवू नये. फेऱ्या मात्र मुलाने स्वतः मोजायच्या असतात, आणि दर वेळी एक-दोन हुशार मुले एक फेरी जास्तीची मारतात! वळणावर स्वयंसेवक उभे असतात. आपल्यासारख्या दुभाषी गावात त्यांना 'थांब', 'निल्लु' आणि 'स्टॉप' हे तिन्ही शब्द एका दमात ओरडावे लागतात. त्यांतला कोणता कोणाला लागू पडेल याचा नेम नसतो.

सायकलवरून उतरून धावू लागल्यावर पाय आपले नव्हेतच असे वाटते. सायकलवर शरीराचा भार बैठकीवर असतो आणि पाय एका ठरलेल्या वर्तुळात फिरत असतात; उतरल्याबरोबर तोच भार पायांवर येतो आणि चाल बदलते. पाय लटपटतात, जड होतात. दोन-तीनशे पावलांत हे आपोआप सुटते. पण ज्याला कोणी सांगितलेले नाही ते मूल समजते, की आपल्याला काहीतरी झाले, आणि बसून घेते. सरावात चार-पाच वेळा सायकल टाकून लगेच थोडे पळवले की ही भीती जाते. पहिले शंभर मीटर लहान लहान पावले टाकावीत.

पालकांनी या वेळात करायचे काय, असा प्रश्न ओघानेच येतो. टाळ्या वाजवाव्यात, नाव घेऊन हाक मारावी, सूचना देऊ नयेत. मुलाबरोबर कडेने पळू नये, पाण्याची बाटली पुढे करू नये. बाहेरची मदत घेतली म्हणून मूल बाद ठरू शकते आणि त्यात त्याचा काडीचाही दोष नसतो. मध्येच सोडून दिलेल्या मुलाला घरी जाईपर्यंत कारण विचारू नये. पुरे करणाऱ्या प्रत्येकाला बहुधा पदक असतेच. 'सगळ्यांनाच पदक तर त्याची किंमत काय?' असे आमचे एक सर म्हणाले होते. मला ते पटत नाही. ज्या मुलाने महिनोन् महिने गारठ्यात तलावावर जाऊन पोहणे शिकून घेतले, त्याच्या पदकाचे मोल शेजारच्याला पदक मिळाल्याने घटत नाही. चलन फुगवट्याचा नियम इथे लागू नाही.

निकाल लागला की पाचही रकाने पाहावेत. एकूण क्रमांकापेक्षा त्यांतून पुष्कळ कळते : पोहण्यात बारावी, बदलात तिसरी, धावण्यात पाचवी अशी मुलगी पुढच्या वर्षी कुठे सुधारेल हे डोळ्यांसमोर येते. आणि लगेच सायकल घ्यायला धावू नये. शेवटचे मूल सायकल टांगून धावायला निघेपर्यंत ट्रान्झिशन उघडत नाहीत, आणि उघडल्यावरही दंडावरचा क्रमांक आणि सायकलवरचा क्रमांक जुळल्याशिवाय ती बाहेर सोडत नाहीत. एवढ्या गर्दीत सायकली चोरीला जाऊ नयेत म्हणून हा बंदोबस्त असतो. तेव्हा या अर्ध्या-पाऊण तासासाठी पिशवीत दोन केळी, पाणी आणि एक कोरडा स्वेटर जरूर ठेवावा.